उतारवयांतील काळीज

‘काळीज’ हा शब्द आपण मायेच्या व धैर्याच्या गोष्टी बोलतांना योजतों. मुळांत तो वाचक आहे यकृताचा. तें खरोखरच कापून देतां येतें व उरलेलें पुन्हा वाढतें, याचा विचार करण्याचा प्रसंग आम्हांवर वयाच्या ६३ व्या वर्षीं, धाकट्या बंधूचें यकृत निकामी झालें तेव्हां आला. आम्ही अर्थातच पुढें झालों. शस्त्रवैद्य आदरानें म्हणाले, “काका, आपलें यकृत आपणांस पुरेसें आहे, दोघांस पुरेलसें वाटत नाहीं.”

हें उत्तर मनास लागलें व आम्ही वाचावयास बसलों. १९३१ सालीं हिगिन्स व अँडरसन या अमेरिकन वैद्यांनीं उंदरांच्या यकृताचा दोन-तृतीयांश भाग काढून टाकला होता. आठवड्या-दीड आठवड्यांत तें पूर्वीच्या वजनाच्या जवळ आलें. कापलेले खंड मात्र उगवत नाहींत. राहिलेलेच वाढून तूट भरून काढतात. वृद्ध उंदरांतहि वाढ होते, पण पेशींचें विभाजन उशिरां सुरू होतें व थोड्याच पेशी त्यांत भाग घेतात. मनुष्याचेंहि यकृत वयाबरोबर लहान होतें, त्यांतून वाहणारें रक्त घटतें. एरव्हीं याचा पत्ताहि लागत नाहीं. मोठा घाव पडला म्हणजेच लागतो. आणि गंमत पाहा! २०२२ सालीं ड्रेस्डेन येथील संशोधकांनीं दाखविलें कीं, मनुष्य विशीचा असो वा ऐंशीचा, त्याच्या यकृताच्या पेशी सरासरीनें तीन वर्षांच्याहि नसतात. उणीव असते ती घाईच्या वेळच्या चपळाईची. २००५ सालीं स्टॅनफर्ड येथें तरुण व म्हाताऱ्या उंदरांचें रुधिराभिसरण जोडलें, तेव्हां म्हाताऱ्याच्या यकृतपेशी पुन्हा जोमानें विभागूं लागल्या.

आमच्या घरीं तरुण रक्त म्हणजे २९ वर्षांचा पुतण्या. तो तयार होता. बंधूनें मात्र “मला ययाति व्हावयाचें नाहीं” म्हणून हट्ट धरला. भावजय दोन दिवस गप्प होती. मग म्हणाली, “दादा, नवरा वाचवूं कीं मुलगा जपूं, तें तुम्हीच सांगा.” आम्हीं वाचलेलें सारें तिच्यापुढें मांडलें, धोका अल्प असला तरी शून्य नाहीं, हेंहि लपविलें नाहीं. निर्णय अखेर पुतण्यानेंच केला, व बापास तो मानावा लागला.

तीन महिन्यांनीं पुतण्याची तपासणी झाली. यकृत जवळजवळ पूर्वीच्या आकारास आलें होतें. तपासणीचा तो कागद भावजयीनें देवघरांत ठेवला आहे.