दिव्यामागची वाटी

मोटारसायकलीचा दिवा म्हणजे तिचा डोळा, असं सर्रास म्हटलं जातं. मला ही उपमा कधीच पटली नाही. डोळा उजेड आत घेतो, दिवा तो बाहेर टाकतो. आणि हे बाहेर टाकण्याचं काम तरी बल्ब कुठं करतो? तो बिचारा चारी दिशांना सारखाच जळत असतो. त्यानं उधळलेला उजेड गोळा करून रस्त्यावर नेऊन टाकण्याची सारी मेहनत त्याच्या मागच्या वाटीची. गॅरेजातली पोरं काच आणि रिफ्लेक्टर मिळून सगळ्यालाच 'डूम' म्हणतात. मी आपला वाटीच म्हणतो. गेली सात-आठ वर्षं शाळा सुटल्यावर मी जुन्या वाट्या दुरुस्त करीत बसतो. माझ्या कादंबऱ्या वाचणाऱ्यांना हे कळलं तर ते त्या कादंबऱ्यांविषयी फेरविचार करतील. न वाचणाऱ्यांचा प्रश्नच नाही.

माझं पदार्थविज्ञान मॅट्रिकला संपलं. मोटारीच्या दिव्यात अंतर्गोल आरसा असतो आणि बल्ब त्याच्या नाभीवर ठेवला की किरण समांतर निघतात, हे वाक्य तेव्हा मी पाठ केलं होतं. माझे विद्यार्थीही करतात. वाक्य खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे. चेंडू कापून केलेल्या गोल आरशाच्या कडेचे किरण या हिशेबात नीट बसत नाहीत. दिव्याची वाटी असते ती अन्वस्ताची. म्हणजे तिरका भिरकावलेला दगड हवेत जी कमान काढतो, तिच्या आकाराची. डायोक्लीझ नावाच्या ग्रीक गृहस्थानं या आकाराचा गुण ख्रिस्तापूर्वी २०० च्या सुमारास आपल्या ग्रंथात सिद्ध करून ठेवला. त्या ग्रंथाचा विषय होता जाळणारे आरसे. ऊन एका बिंदूत गोळा करून आग कशी लावावी, ही त्याची विवंचना. आपण त्याचीच वाट उलट्या दिशेनं चालतो. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरचा एखादा तरी मुलगा जागा होतो.

पण नुसता आकार असून भागत नाही. अंगाला तेज हवं. जुन्या ब्रिटिश दिव्यांच्या वाट्या पितळी, आतून चांदीचा मुलामा दिलेल्या. चांदी आपल्यावर पडलेल्या उजेडातले शंभरातले पंचाण्णव भाग परत फेकते. पुढं निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ करून तिचा थर चढवायची युक्ती निघाली. माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीच्या आरशावर १९३५ साली असाच थर चढवला गेला. ॲल्युमिनियम नव्वदीच्या आसपास परत करतं; चांदीहून थोडं कमी, पण ते काळं पडत नाही. क्रोमची मजल जेमतेम पासष्टपर्यंत. आमच्या एका मित्रानं आपली वाटी एका मुलामेवाल्याकडे दिली. त्यानं ती क्रोम करून पाठवली. दिवसा पाहावी तर डोळे दिपतील अशी, आणि रात्री रस्त्यावर पाहावं तर दिवा लागला आहे की नाही याची शंका यावी! गाडीच्या हँडलाला क्रोम शोभतं. वाटीला ते देऊ नये.

चांदीचा वैरी गंधक. हवेतल्या गंधकानं ती आधी पिवळी, मग तपकिरी, मग काळी पडते. काचेच्या आणि वाटीच्या मध्ये पूर्वी बुचाच्या लाकडाची चकती असे. ती कुजली की लोक रबराची घालतात. रबरात गंधक असतो, म्हणजे वैऱ्यालाच घरात बिऱ्हाड दिल्यासारखं झालं. या धंद्यातलं निम्मं ज्ञान असल्या बारीकसारीक गोष्टींचं आहे.

आता ज्या वाटीसाठी मी हे सारं लिहायला बसलो तिच्याकडे वळतो.

माझे थोरले काका कराडला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. त्यांच्याकडे बीएसए कंपनीची एम २० ही मोटारसायकल होती आणि अजून आहे. एकच सिलिंडर, ४९६ सीसी, अंगानं रेड्यासारखी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी अशा सव्वा लाखाहून अधिक गाड्या बांधल्या गेल्या. त्यांतली एक लष्कराच्या मोडीतून निघून हातोहात फिरत १९६४ साली काकांकडे आली. मागच्या कॅरियरला औषधांची पेटी बांधून काका रात्री-अपरात्री कोयनाकाठच्या गावांना जात. दिवा ६ व्होल्टचा, बल्ब चोवीस वॅटच्या आतबाहेर. आजच्या साध्या हॅलोजनला ५५-६० वॅट असतात. एवढ्याशा उजेडात पावसाळ्यातला रस्ता कापायचा, म्हणजे वाटीच्या चांदीचा कण न् कण मोलाचा.

१९७१ च्या दिवाळीत काकांनी फुटकी काच बदलायला दिवा उघडला आणि वाटी मागच्या ओट्यावर ठेवून ते काच आणायला बाजारात गेले. ओट्यावर काकू समया आणि निरांजनं घासत होती. कडेनं पितळ दिसलं. तिला वाटलं, हेही त्यातलंच. चिंच आणि राख लावून तिनं वाटी अशी घासली, की काका परत येईतो मधली चांदी पार निघून गेली होती. पितळ उघडं पडलं आणि त्यावर गोल गोल ओरखडे उठले. काका काही बोलले नाहीत म्हणतात. मला ते खरं वाटतं. त्यांनी आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. पितळ निळा उजेड फारसा परत करीत नाही, म्हणून गाडीचा दिवा तेव्हापासून पिवळा पडू लागला. त्या पिवळ्या उजेडात त्यांनी पुढं तेरा वर्षं गाडी चालवली, पण वाटी काही बदलली नाही.

काकूला जाऊन सहा वर्षं झाली. काका आता ८४ वर्षांचे आहेत. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे. समोर पाहावं तिथं काळा डाग दिसतो. कडेचं तेवढं दिसतं. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी मला बोलावून वाटी हातात दिली. म्हणाले, "हिला चांदी चढवून आण."

मी वाटी उजेडात धरली. ओरखडे स्पष्ट दिसत होते. मुलामा काही झाकत नाही. चांदी चढवायची तर आधी पितळ घासून आरशासारखं करायला हवं, म्हणजे ओरखडे जाणार. मी कादंबरीकार, तेव्हा मला काय वाटलं असेल ते सांगायला नकोच. मी म्हटलं, "काका, काकूच्या हातचं आहे हे. मी मुंबईच्या चोरबाजारात दुसरी वाटी शोधतो. ही राहू द्या अशीच."

काका म्हणाले, "अरे, तुझी काकू दिवा लख्ख व्हावा म्हणून घासत होती. ओरखडे राहावेत म्हणून नव्हे."

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

वाटी पुण्याला नेली. तांबट आळीतल्या एका कारागिरानं तिचे दोन पोचे मागून लाकडी हातोडीनं असे काढले, की कुठं होते ते सापडेना. पॉलिशवाल्यापाशी मात्र मी दिवसभर बसून राहिलो. पत्रा पातळ, घासणं जास्त झालं तर ओरखड्यांबरोबर अन्वस्तही जायचा. चांदी सायनाइडच्या द्रावणात चढते. ते काम जाणत्याकडेच द्यावं, घरी त्याचा नाद करू नये. शेवटचा हात तेवढा माझा. जुन्या मोटारींच्या पुस्तकांत वाटी उजळायला काजळी आणि स्पिरिट सांगत. मी समईवर बशी धरून काजळी धरली आणि मऊ कापसानं, मधून कडेकडे, एक एक ओढ देत पुसत गेलो. गोल फिरवायचं नाही. गोल फिरवलं की ओरखडे गोल उठतात.

नवरात्र संपल्यावर एका रात्री गाडी शाळेच्या पटांगणात भिंतीपासून २५ फुटांवर उभी केली. या दिव्यात बल्बची बैठक एका पट्टीत मागंपुढं सरकते; स्क्रू सैल करून ती नाभीवर आणायची आणि पुन्हा कसायची. बल्ब नाभीवर नसला की भिंतीवरच्या उजेडाच्या मधोमध काळं पडतं. काका खुर्चीवर बसले होते. मी बटण फिरवलं. भिंतीवर पांढरा उजेड पडला.

"मध्ये भोक आहे रे," काका म्हणाले. "बल्ब मागं घे."

मला भोक दिसत नव्हतं. तरी बल्ब केसभर मागं घेतला, मग पुढं.

"अजून आहे."

मी पुन्हा स्क्रू सैल केला. काकांनी मान हळूहळू डावीकडे वळवली, मग उजवीकडे, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिले.

"थांब," ते म्हणाले. "हे माझ्याबरोबर फिरतंय. दिव्यातलं नाही, हे माझंच आहे. तू आपला पहिल्या जागी आण आणि कसून टाक."