शेपटाचा बाक

पाण्यावरच्या स्लॅलम स्कीचे वळण तिच्या मागच्या हातभर भागात ठरते. बोटीमागची दोरी धरून, दोन्ही पाय एकामागे एक ठेवून खेळाडू एकाच फळीवर उभा असतो. प्रौढांच्या फळीची लांबी बहुधा 165 ते 173 सेंटीमीटर आणि रुंदी वीतभराहूनही कमी असते. पुढचे टोक बराच वेळ पाण्याबाहेरच राहते. पुढच्या बुटाची टाच शेपटाच्या टोकापासून साधारण 29 इंचांवर येते, तिच्या मागे दुसरे पाऊल, आणि त्याच्या टाचेमागे उरलेला दीड फुटाचा भाग म्हणजे शेपूट. दिसायला हा भाग किरकोळ आहे. दुकानात नवे गिऱ्हाईक फळीचे पुढचे टोक न्याहाळते, रंग पाहते. जाणकार मात्र फळी उलटी धरून आधी शेपूट दाबून बघतो.

राल्फ सॅम्युएलसन या अठरा वर्षांच्या मुलाने 1922 साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात लेक पेपिनवर पहिल्यांदा पाण्यावर स्की केले, तेव्हा त्याच्या लाकडी फळ्या आठ फूट लांब आणि नऊ इंच रुंद होत्या. पाण्यात उकळून वाकवली होती ती फक्त पुढची टोके. बोटीमागे सरळ जायचे तर तेवढे पुरत होते. शेपटाचा विचार करावा लागला तो तरंगत्या बोयांभोवती वळायची वेळ आली तेव्हा.

स्पर्धेच्या कोर्सची मापे पाहिली की वळणाला किती थोडा वेळ मिळतो ते कळते. प्रवेशाच्या दाराशी सुरू होऊन बाहेर पडायच्या दाराशी संपणारा कोर्स 259 मीटरांचा. बोट मधून सरळ जाते. तिच्या वाटेच्या मध्यरेषेपासून 11.5 मीटरांवर, आळीपाळीने एका आणि दुसऱ्या बाजूला, सहा बोये. दारापासून पहिला बोया 27 मीटर पुढे, नंतर प्रत्येक बोया 41 मीटरांच्या अंतराने. पुरुषांच्या खुल्या गटात बोटीचा वेग ताशी 58 किलोमीटर, म्हणजे सगळा कोर्स सोळा सेकंदांत संपतो आणि एका बोयापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे अडीच सेकंद मिळतात. त्यातच बोटीमागच्या लाटा ओलांडायच्या, कड बदलायची, वेग कमी करायचा आणि पुन्हा वळायचे. गटाचा कमाल वेग गाठला की दर फेरीला दोरी आखूड होत जाते: 18.25 मीटर, मग 16, 14.25, 13, 12, 11.25, 10.75, 10.25. सव्वाअकराच्या टप्प्याला दोरी बोयाच्या अंतराहून लहान होते. सव्वादहाला तर ती 1.25 मीटर कमी पडते, आणि ते अंतर हात लांबवून, अंग पाण्यावर जवळजवळ आडवे टाकून भरून काढावे लागते. अशा आखूड दोरीवर मोठा, ऐसपैस कंस काढायला जागाच नसते. वळण लहान हवे, पण वेग फार न गमावता हवे. शेपटाच्या लवचीकपणाचा सगळा प्रश्न या दोन मागण्यांच्या ओढाताणीतून आला आहे.

फळी सपाट जमिनीवर ठेवली तर तिची दोन्ही टोके थोडी उचललेली दिसतात. हा तिचा उपजत बाक. बाक जितका जास्त तितकी फळी लहान कंसात फिरते, आणि तितके पाणी तिला जास्त अडवते. कमी बाकाची फळी सुसाट जाते, पण वळायला नाखूश असते. शेपटाची लव कामाला येते ती इथे. वळणाआधी खेळाडू कड बदलतो, वेग उतरतो, फळी पाण्यात खोल बसते आणि शेपटाखालचा दाब वाढतो. दाबाने शेपूट वर वाकते आणि फळीचा बाक तेवढ्यापुरता वाढतो. वळण संपून दोरी ताणली जाऊ लागली, भार पुढे सरकला की शेपूट सरळ होते आणि फळी पुन्हा कमी बाकाची, वेगाची होते. म्हणजे वळणापुरता बाक उसना घेता येतो. अट एकच: तो वेळेवर परत गेला पाहिजे. शेपूट सरळ व्हायला उशीर झाला तर लाटांकडे निघताना फळी मागे घसरते आणि कमावलेला कोन हातातून जातो. म्हणून कसबी बनवणारा शेपूट किती वाकते एवढ्यावर थांबत नाही. ते किती चटकन सरळ होते याकडे त्याचे जास्त लक्ष असते.

लांब, ताठ वस्तू आखूड वळणातून कशी न्यायची हा प्रश्न फक्त पाण्यावरचा नाही; सह्याद्रीच्या घाटावरच्या इगतपुरीलाही तो अनोळखी नाही. थळ घाटातून आगगाडी इगतपुरीला पोहोचली ती 1865 मध्ये. घाटाचा चढ 37 ला 1 आणि वळणे एकामागून एक. 1930 साली विजेचे इंजिन इगतपुरीपर्यंत धावू लागले तेव्हा मालगाड्यांसाठी आणलेल्या, ‘खेकडा’ या नावाने ओळखल्या गेलेल्या इंजिनांचे धड तीन तुकड्यांचे होते. अशी 41 इंजिने स्वित्झर्लंडच्या विंटरटूर इथे आणि इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत बनली. मधली केबिन आणि पुढेमागे दोन नाकाडी; नाकाडी चाकांच्या चौकटींबरोबर वळत, त्यामुळे एवढे लांब इंजिन रुळाच्या वळणाला धरून राही. मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक खेकडा अजून उभा आहे. त्याच्या बाजूने चालत गेले की हे सांधे दिसतात. स्कीला असा सांधा नाही. तिथे सामान स्वतःच वाकते, आणि रुळासारखे वाट दाखवणारे काही नसते. तरी तत्त्व तेच: सगळे शरीर ताठ ठेवायचे आणि ठरावीक जागीच वाकू द्यायचे.

ही ठरावीक जागा फार छोटी असते. शेपटाच्या टोकाजवळ खालच्या बाजूला फिन म्हणजे उभे पाते बसवलेले असते, आणि ते ज्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात घट्ट आवळतात तो ठोकळा स्वतः वाकत नाही. पुढच्या बाजूला बुटांची पट्टी स्क्रूंनी पक्की केलेली असली तर तीही फळीला ताठ करते. बुटाची टाच आणि फिनचा ठोकळा यांच्यामध्ये जी वीत-सव्वा वीत जागा राहते, खरे वाकणे तिथे. म्हणूनच काही बूट-पट्ट्यांना लांबट भोके ठेवतात, म्हणजे खालची फळी वाकताना पट्टी सरकू शकते. काही ठिकाणी स्क्रूच नसतात, एकमेकांत गुंतणाऱ्या चिकटपट्ट्यांवर बूट बसवतात. एकच फळी दोन वेगळ्या बुटांवर दोन वेगळ्या स्वभावांची वाटते, याचे कारण पुष्कळदा हेच असते. बिचाऱ्या शेपटावर मात्र उगाच ठपका येतो.

मऊ शेपूट सोपे. ते सुरुवातीच्या खेळाडूच्या चुका पोटात घालते, थोड्या उशिरा कललेल्या अंगालाही वळण देते. त्याची किंमत वेगात द्यावी लागते: वाकलेले शेपूट पाणी ढकलते, फळी खोल बसते, आणि वळणातून बाहेर पडताना खेळाडूला बोटीच्या ओढीवर लटकावे लागते. कडक शेपूट वेग राखते, लाटांपलीकडे दूरवर नेते, पण कलणे वेळेवर आणि पुरेसे नसेल तर वळणाचा शेवट बोयाच्या पुढे निघून जातो आणि पुढच्या बोयाला उशीर होतो. प्रत्येक खेळाडूची एक बाजू सोपी आणि एक अवघड असते, कारण पाय एकामागे एक आहेत आणि कंबर एकाच बाजूला मोकळी होते. अवघड बाजूला पाय जड पडतो, आणि मऊ शेपूट तिथेच प्रमाणाबाहेर वाकून बाहेर सुटते. फळी मऊ आहे की कडक, हे ठरवायचे तर अवघड बाजूचे वळण पाहावे. सोप्या बाजूला जवळजवळ कुठलीही फळी गोड वळते.

घडवणाऱ्याच्या हाती तीन गोष्टी असतात. पहिली जाडी. भरीव पट्टीची ताठरता जाडीच्या घनाप्रमाणे बदलते. जाडी दहा टक्क्यांनी घटवली तर ताठरता जवळपास सत्तावीस टक्क्यांनी उतरते. आजच्या फळ्या भरीव नसतात. मध्ये फोमचा गाभा आणि दोन्ही अंगांना कार्बन किंवा काचेच्या धाग्यांचे कवच अशी त्यांची रचना असते, आणि तिथे हे नाते घनापेक्षा वर्गाच्या जवळ जाते. तरी फरक पडायला कानशीचा एक जादा हात पुरेसा असतो. दुसरी गोष्ट धाग्यांची दिशा. लांबीच्या दिशेने घातलेले धागे वाकण्याला विरोध करतात, तिरपे म्हणजे 45 अंशांत घातलेले धागे पिळाला. धाग्यांची दिशा ठरवता येऊ लागल्यापासून हे दोन गुण वेगळे करता येऊ लागले, आणि या कारागिरीतली सगळ्यात मोठी पायरी हीच म्हणावी लागेल. वाकणारे शेपूट पिळायलाही लागले तर कडेचा कोन मागच्या भागात कमी होतो. पुढची कड पाणी कापत असते आणि मागची नुसती घसरत असते. लाकडात किंवा साध्या फायबरग्लासमध्ये शेपूट मऊ केले की पीळही फुकट पदरात पडायचा. आता वाकायला मऊ आणि पिळायला ताठ असे शेपूट बनवता येते. तिसरी गोष्ट रुंदी. अरुंद शेपूट खोल बसते, त्यामुळे त्याच्यावरचा दाबच बदलतो. मात्र रुंदी बदलली की साचाच बदलतो, म्हणून त्या वाटेला फारसे कुणी सहज जात नाही.

फिन हा विषय वेगळा मानतात, पण शेपटापासून तो तोडता येत नाही. शेपूट वर वाकते तेव्हा त्याला जखडलेले फिनही फिरते: खालचे टोक मागे झुकते आणि किंचित वर येते. फिनची पकड त्याच क्षणी ढिली होते आणि शेपूट बाहेरच्या बाजूला सरकू लागते. म्हणजे मऊ शेपटाचा परिणाम दुहेरी असतो; बाक वाढतो आणि पकडही घटते. फळी हवीशी वळते पण वळणाच्या शेवटी निसटते, अशी तक्रार आली की जाणता माणूस आधी फिनची खोली वाढवून पाहतो. फिनची मापे कॅलिपरने इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत घेतात. कागदावर हा अतिरेक वाटतो, पण दहा-पंधरा हजारांश इंचाचा फरक चांगल्या खेळाडूला पायात कळतो. मात्र शेपटाची चूक फिनने किती दिवस झाकायची यालाही मर्यादा आहे. फार मऊ शेपटाला खोल फिन लावले तर फळी सरळ जाताना हट्टी होते आणि वळताना तरीही निसटते.

वेग आणि वजन यांचा हिशेब खेळाडूगणिक बदलतो. पाण्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी 45 किलोमीटरवरून 58 वर गेले तर तेवढ्याच भिजलेल्या पृष्ठभागावर तो सुमारे 1.66 पट होतो. कमी वेगात फळी खोल बसते आणि भार लांबवर पसरतो; जास्त वेगात ती वर उचलली जाते, भिजलेला भाग आखडतो आणि भार पायांखाली व मागे गोळा होतो. त्यामुळे कमी वेगात कडक वाटलेले शेपूट वेग वाढला की अचानक मऊ वाटू शकते. जड माणसाची फळी हलक्या माणसाला दिली तर तिचे शेपूट वाकतच नाही, आणि तो माणूस स्वतःच्या तंत्रात नसलेली खोट शोधत बसतो.

शेपटाची पारख करायला मोजलेले, शांत पाणी लागते. इगतपुरी तालुक्यात पाण्याची कमतरता नाही. दारणा, भावली, मुकणे, ऊर्ध्व वैतरणा ही धरणे सगळी याच मुलखातली. पण धरणाचे पाणी पातळी बदलते. पावसाळ्यात भरलेला जलाशय उन्हाळ्यापर्यंत कित्येक मीटर खाली येतो. तळाला नांगरलेल्या बोयांचे दोर सैल पडतात, बोये वाऱ्याबरोबर भरकटतात, आणि 11.5 मीटरचे अंतर 11.5 राहत नाही. पाणी ओसरले की जुने बुंधे आणि खडक वर येतात ते वेगळेच. दुपारच्या वाऱ्याने उठलेल्या लाटांत तर शेपूट लाटेने वाकले की वळणाने, हे सांगणे कठीण. म्हणून कसून केलेल्या चाचण्या जगभर बहुधा लहान, मंद उताराच्या काठांच्या, खास खोदलेल्या तळ्यांवर होतात, जिथे बोटीच्या लाटा काठावर आपटून परत येत नाहीत. पाण्याचे तापमानही मोजावे लागते. 10 अंश सेल्सिअसच्या पाण्याचा चिकटपणा 30 अंशांच्या पाण्याच्या दीडपटीहून जास्त असतो, आणि थंड तळ्यावर जुळवलेली फळी सह्याद्रीच्या कोमट पाण्यात नव्याने जुळवावी लागते.

शेपूट आयुष्यभर सारखे राहत नाही. हजारो वेळा वाकून कवच आणि गाभा यांच्यातली पकड सैल होते, फिनच्या स्क्रूंच्या भोकांतून पाणी शिरते, आणि फळी हळूहळू मऊ होत जाते. हा बदल इतका सावकाश असतो की खेळाडूचे अंग त्याला नकळत जुळवून घेते. म्हणून फळी नवी असतानाच दोन टेकूंवर ठेवून, ठरावीक जागी ठरावीक वजन टांगून, ती किती वाकते ते मोजून ठेवावे. मोसमाच्या सुरुवातीला तेच माप पुन्हा घ्यावे. वाकणे सगळीकडे सारखे वाढले असेल तर फिन थोडे खोल करून आणखी काही दिवस निभावते. एकाच जागी वाढले असेल, विशेषतः टाच आणि ठोकळ्यामधल्या त्या वीतभर पट्ट्यात, तर आत तडा गेलेला असण्याची शक्यता जास्त. अशी फळी घेऊन वेगात स्की करू नये.