त्या वर्षी आम्ही एक माकड व्हाळात टाकलं

काजूला मोहोर धरलाय. महिन्या-दीड महिन्यात बी पडायला लागेल आणि अख्खी वाडी रानात असेल. म्हणून हे आत्ताच लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यातल्या आणि पलीकडे सत्तरीतल्या मित्रांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

सात-आठ वर्षं एक गोष्ट पोटात ठेवून आहे. 2017 चा फेब्रुवारी. मी आणि माझा चुलतभाऊ बागेत कुंपण बघायला गेलो होतो. काकीच्या बागेच्या वरच्या अंगाला, जिथे काजू संपून रान सुरू होतं, तिथे पातेऱ्यात एक माकड मरून पडलेलं. लाल तोंडाचं, आमच्याकडे ज्याला केलडी म्हणतात ते. अंगावर जखम नाही, काही नाही.

बातम्या कानावर होत्याच. 2015 ला सत्तरीत पाळीला माकडताप झाला होता, 2016 ला तो आपल्या तालुक्यात आला होता. माकड मेलेलं दिसलं तर कळवा, असं सांगून ठेवलेलं. मी फोन काढला. भाऊ म्हणाला, "कोणाक सांगू नको. सांगलंस तर बागेत जावक देवचे नाय. ऐन सीझनात बी कोण उचलतलो?"

खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलं. वर्षाचा पैसा त्या दोन-तीन महिन्यांत येतो. आम्ही काठीने ते माकड ओढत नेलं आणि व्हाळात टाकलं. घरी येऊन आंघोळ केली. विषय संपला.

पंधरा दिवसांनी काकी तापली. त्याआधी एकदा तिच्या मानेवरची बारीक गोचीड मी स्वतः बघितली होती. म्हटलं, काढून टाक. तर हसून म्हणाली, "झिला, गोचीड काय आजची? रानात गेल्यार लागतलीच. गुरांक रोज लागतत, तीं मरतत काय?" ताप आला तो एकदम आला. डोकं फुटेल असं दुखणं, अंग इतकं मोडून आलेलं की कूस बदलता येईना. पहिले तीन दिवस साध्या तापाच्या गोळ्या. चौथ्या दिवशी हिरड्यांतून रक्त आलं तेव्हा आम्ही हललो. ताप उतरला, घरी आणली, आणि दहा-बारा दिवसांनी परत चढला. दुसऱ्या वेळी ती माणसं ओळखेना. हात थरथरायचे. त्या हातांत चहाचा कप धरायला तिला पुढे पाच महिने लागले.

काकी वाचली. त्याच मोसमात वाचली नाहीत अशीही माणसं होती. ज्यांच्या घरची होती त्यांना मी हे सांगायला नको.

त्याच माकडावरची गोचीड काकीला चावली असं कोणी सिद्ध करू शकणार नाही. पण ते मेलेलं माकड काय सांगत होतं हे मला पुढे कळलं, आणि तेव्हापासून झोप नीट लागत नाही.

दोन वर्षांनी काही शिकणारी मुलं गोचिडी गोळा करायला आली. रानाची वाट दाखवायला मी गेलो. त्यांची पद्धत अगदी साधी. पांढरं जाड फडकं काठीला बांधायचं आणि पातेऱ्यावरून, झुडपांवरून हळूहळू ओढत न्यायचं. थोडं अंतर गेलं की फडकं उलटं करून बघायचं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं माती लागलीय. मग ती माती चालायला लागली. खसखशीएवढी पिल्लं, सहा पायांची. त्याहून थोड्या मोठ्या, राईएवढ्या, आठ पायांच्या. मी जन्मभर त्याच पातेऱ्यात बसून डबा खाल्लाय.

त्यांच्याकडून पहिली गोष्ट कळली ती ही, की गोचीड म्हणजे एकच जात नव्हे. आपल्या सह्याद्रीच्या ओल्या रानात जितकी जनावरं तितकी त्यांची गिऱ्हाईकं. घोरपडीच्या आणि सापाच्या खवल्यांत शिरून बसणारी वेगळी. गव्यावर, सांबरावर मिळणारी मोठी, पाठीवर नक्षीची, ती वेगळी. कुत्र्याची तपकिरी वेगळी. उंदीर-चिचुंद्रीवरची वेगळी. आणि गोठ्यात गाईच्या कासेला चिकटून टम्म फुगते ती आणखी वेगळी. ही गोठ्यातली नेहमीची गोचीड पिल्लू असताना गाईवर चढते आणि मोठी होईपर्यंत बहुतेक तिथेच राहते. काकी म्हणायची ती गोचीड ही. तिचा माकडतापाशी फारसा संबंध नाही.

माकडतापाची मुख्य गोचीड दुसरी. शास्त्रीय नाव हीमॅफायसॅलिस स्पिनिजेरा. तिला एका जन्मात तीन जनावरं लागतात. पावसाळ्यात मोठी मादी गव्यावर, सांबरावर किंवा रानात चरायला सोडलेल्या गुरांवर रक्त पिते, खाली पडते आणि पातेऱ्यात ढिगाने अंडी घालते. पाऊस सरला की पिल्लं निघतात. ती उंदीर, चिचुंद्री, जमिनीवर चरणारे पक्षी, माकडं, जे मिळेल त्याच्यावर चढतात. त्या जनावराच्या रक्तात विषाणू असला तर तो पिल्लाच्या पोटात जातो. रक्त पिऊन पिल्लू परत खाली पडतं, कात टाकतं आणि राईएवढं होऊन डिसेंबरपासून मे पर्यंत पुढच्या जनावराची वाट बघत पानाच्या टोकावर बसतं. तेच आपल्याला चावतं. त्याचे महिने आणि आपल्या काजूचे महिने एकच आहेत. बघा मोजून.

बाकीच्या गोचिडींतही हा विषाणू सापडलाय, दहाहून जास्त जातींत. म्हणजे रानात तो एकाच वाटेने फिरत नाही. कुठल्या जनावरावर कुठली गोचीड आहे आणि किती आहे, हे मोजणं म्हणजे त्या वाटा शोधणं. आधी मला वाटायचं, गोचिडी मोजणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग.

आता माकडाचं. वानर आणि केलडी आपल्यासारखीच या तापाने आजारी पडतात आणि मरतात. तापलेल्या माकडाच्या रक्तात विषाणू भरपूर असतो. ते मेलं, अंग थंड झालं, की अंगावरच्या गोचिडी उतरतात आणि आजूबाजूच्या पातेऱ्यात पसरतात. म्हणजे माकड मेलं ती जागा पुढचे काही आठवडे सगळ्यात धोक्याची. आम्ही माकड उचललं, गोचिडी तिथेच ठेवल्या. आणि वर काकीला तिथे जायला मोकळी वाट ठेवली.

या रोगाचा शोधही मेलेल्या माकडांमुळेच लागला. 1957 साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलाजवळ माणसं तापाने पडू लागली आणि रानात माकडं मरू लागली. पिवळा ताप भारतात शिरला की काय अशी धास्ती होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने, विषाणू वेगळा काढला आणि तो गोचिडींतून पसरतो हे दाखवलं. त्यासाठी त्या लोकांनी वर्षानुवर्षं माकडं, उंदीर, पक्षी, गुरं तपासून एकेक गोचीड ओळखली. नवीन जातसुद्धा मिळाली, तिला क्यासनूरचंच नाव दिलं गेलं. तिकडे आजही या रोगाला माकडाचाच रोग म्हणतात. नाव माकडाचं पडलं आणि दोषही माकडाच्या माथी.

त्या काळात तिथे काम केलेल्या होर्हे बोशेल यांनी 1969 मध्येच लिहून ठेवलंय की रान तोडून शेती झाली, गुरं जंगलात चरू लागली, त्यामुळे या गोचिडीला मोठं होण्यासाठी आयती जनावरं मिळाली. आता आपल्याकडे बघा. डोंगर उघडे करून रबर, अननस, काजू. मध्ये मध्ये रानाचे तुकडे. कडेला घाणेरीची झुडपं. गवा बागेत, माकड परड्यात, आपली गुरं रानात. पूर्वी ज्यांच्या गोचिडी एकमेकांपासून लांब होत्या ती सगळी जनावरं आता एकाच पाणंदीने ये-जा करतात, आणि आपण त्याच पाणंदीने बिया आणतो.

म्हणून काही जण म्हणतात तसं माकडं मारून हे थांबणार नाही. गोचीड उंदरावरही वाढते. उलट माकड गेलं तर आपल्याला आधी सांगणारं कोणी उरणार नाही.

मग करायचं काय? माझं म्हणणं एवढंच आहे.

एक, मोजणी आधी हवी. माणूस दगावला की फडकं घेऊन रानात यायचं, याला अर्थ नाही. पिल्लं ऑक्टोबर-नोव्हेंबरला निघतात. तेव्हा आणि परत डिसेंबरला वाडीवार गोचिडी गोळा करून तपासा, आणि निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. कुठल्या रानात जास्त आहेत हे बी वेचणाऱ्या बाईला जानेवारीच्या आत कळलं पाहिजे.

दोन, माकड वनवाल्यांचं, गुरं पशुवैद्यांची, माणूस आरोग्यवाल्यांचा, असं तिघांत वाटून चालणार नाही. गोचीड तिघांच्याही अंगावर चढते. गेल्या वर्षी शेजारच्या वाडीत मेलेलं वानर दिसलं तेव्हा मी तीन ठिकाणी फोन केले. प्रत्येकाने दुसऱ्याचा नंबर दिला. एकच नंबर द्या.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. माकड कळवणाऱ्याच्या पोटावर पाय येता कामा नये. बाग आठ-पंधरा दिवस बंद ठेवायला लावली तर त्या दिवसांची काहीतरी भरपाई हवी. नाहीतर लोक माकडं व्हाळात टाकणार. मी टाकलं होतं. शिकलेला माणूस असून टाकलं.

आपल्या हातात आहे तेही सांगतो. पूर्ण बाह्यांचे कपडे, पँट मोज्यात खोचलेली. डीएमपी किंवा डेपा तेल मिळालं तर हातापायाला लावा, मात्र दिवसभर पुरत नाही, परत लावावं लागतं. पातेऱ्यावर बसू नका, गुरांखाली घालायला रानातला पातेरा या दिवसांत आणू नका. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात, आणि कानामागे, काखेत, कमरेला नीट बघा. गोचीड दिसली तर रॉकेल, काडी, तंबाखू काही नको; चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. मेलेल्या माकडाला हात लावू नका. ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य सांगा, की मी रानात जातो. या तापावर खास औषध नाही, पण वेळेत दाखल केलं तर माणूस वाचतो. कर्नाटकात वर्षानुवर्षं दिली जाणारी जुनी लस पुरेशी चालेना म्हणून 2022 ला थांबवली. नव्या लशीचं काम सुरू आहे, पण तिच्या भरवशावर यंदाचा सीझन काढता येणार नाही. एका माणसाचा दुसऱ्याला हा ताप होत नाही, तेव्हा आजारी माणसाला वाळीत टाकू नका. काकीकडे महिनाभर कोणी आलं नव्हतं.

तिला मी ते माकडाचं मागच्या गणपतीत सांगितलं. काजू सोलत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सांगलं असतंस तर चार दिवस थांबलंय असतंय." एवढंच. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

यंदाही ती बागेत जाणार आहे. ऐकत नाही. परवा मी तिच्या बागेच्या वरच्या अंगाला पांढरं फडकं ओढून आलो, दोनदा उलटं करून बघितलं. होत्या. किती, कुठल्या, विषाणूच्या की बिनविषाणूच्या, हे मला ओळखता येत नाही. ज्यांना येतं त्यांनी आत्ता यावं, एवढ्यासाठी ही पोस्ट. तुमच्या वाडीत यंदा माकड मेलेलं दिसलं असेल तर खाली गावाचं नाव लिहा. भरपाईचं नंतर भांडू, मी सोबत आहे.