धंतोलीतील पंधरा दिवसांचे घर

नागपूरच्या वर्धा मार्गाच्या एका अंगाला धंतोली, दुसऱ्या अंगाला रामदासपेठ. एके काळच्या या बंगल्यांच्या वस्त्या आज रुग्णालयांनी गजबजल्या आहेत. यवतमाळ-चंद्रपूरपासून थेट बालाघाट-छिंदवाड्यापर्यंतचे रुग्ण येथे येतात. रुग्णाला खाट मिळते. सोबतच्या माणसांना मात्र पंधरा दिवसांपुरते घर शोधावे लागते.

जैन कुटुंबाचा हा शोध मुळात स्वयंपाकघराचा शोध असतो. लॉजची खोली कितीही नीटनेटकी असली, तरी तेथे पाणी उकळून गाळता येत नाही की कंदमुळांविना पथ्याचे वरण शिजवता येत नाही. त्यातच डिसेंबरात येथे सूर्य साडेपाचच्या सुमारास, मुंबईच्या सुमारे अर्धा तास आधीच मावळतो. सूर्यास्तापूर्वी डबा रुग्णाच्या उशाशी पोहोचायचा, तर घर पायी जाण्याच्या अंतरावरच हवे. नेमके याच महिन्यात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते आणि शहरातील खोल्या दुर्मीळ होतात.

‘किरायाने देणे आहे’ अशा पाट्या फाटकांवर दिसतात. पण त्या बहुधा अकरा महिन्यांच्या भाडेकरूसाठी असतात. थोड्या दिवसांच्या घराचा ठावठिकाणा औषधविक्रेत्याला किंवा चौकीदाराला विचारावा. घर पाहताना लिफ्ट, कमोड, गॅस आणि पिण्याचे पाणी प्रथम पाहावे. बोलणी रोजाच्या दराने की महिन्याच्या, वीजबिल कोणाकडे, मुक्काम लांबल्यास काय, हे आधीच ठरवावे आणि अनामत रकमेची पावती घ्यावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो. घाईच्या प्रसंगीही केवळ तोंडी शब्दावर विसंबू नये.

जवळ घर न मिळाल्यास इतवारीकडे वळावे. जुनी जिनमंदिरे आणि ओळखीचा समाज तेथे आहे. चितारओळीहून झाशी राणी चौकापर्यंत मेट्रोने थेट येता येते.

समंतभद्राचार्यांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त वैयावृत्त्य सांगताना आहार, औषध व उपकरण यांच्या पंक्तीला आवासही बसवला. ते विवेचन व्रतस्थांच्या सेवेसंबंधी असले, तरी धंतोलीच्या फुटपाथवर पिशवी घेऊन उभ्या असलेल्या कुटुंबाकडे पाहताना त्याचे मर्म उमगते. ज्या नागपूरकराच्या घरी एखादी खोली आणि एक शेगडी रिकामी आहे, त्याच्या हाती रुग्णसेवेचा चौथा हिस्सा आहे.