वाघाच्या मुलखात आम्ही दोघं

परदेशी जाऊन आलेल्या जोडप्यांच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ वाचल्या असतील. आमच्याही लग्नाला तीस वर्षं झाली तेव्हा लेक म्हणाली, "आई, तुम्ही दोघं दुबईला जाऊन या, खर्च मी करते." पण आमच्या ह्यांनी पासपोर्ट काढायलाच नकार दिला. "उसाला पाणी कोण देणार?" हे त्यांचं कायमचं उत्तर. शेवटी मीच म्हटलं, "अहो, दुबई राहू द्या. आपल्याच महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला चंद्रपूर, गडचिरोली आहे, तिकडे जाऊ. ताडोब्याचा वाघ पाहू."

त्यावर हे काय म्हणाले ऐका. "वाघ बघायला पैसं मोजायचं? आपल्याकडं बिबट्या फुकट येतो की!"

आम्ही जुन्नर तालुक्यातले. धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला आणि त्या उसातच बिबट्यानं घर केलं. तिथंच वितो, तिथंच पिल्लं वाढवतो. दोन वर्षांपूर्वी आमची गाभण कालवड त्यानं गोठ्यातून नेली. हातानं वाढवलेली होती. त्या दिवसापासून हे बिबट्याचं नाव काढलं की शिव्याच देतात. शेतीपंपाची वीज बऱ्याचदा रात्रीची, तेव्हा हातात काठी आणि बॅटरी घेऊन हे फडात जातात आणि परत येईपर्यंत माझा डोळ्याला डोळा लागत नाही. चार वर्षांच्या नातीला दिवस मावळला की अंगणात सोडत नाही. सूनबाई एकदोनदा पुण्याला बिऱ्हाड करायचं बोलून गेली. ह्यांचं मत एकच, एकेक टिपून मारावा. अशा माणसाला मी वाघ पाहायला घेऊन निघाले होते!

जानेवारीत निघालो. नागपूरपर्यंत रेल्वे, पुढं एस.टी. चंद्रपुरात गोंड राजांचा परकोट आणि त्याच्या मोठमोठ्या वेशी पाहिल्या, महाकालीचं दर्शन घेतलं आणि तासाभरात मोहर्लीला पोचलो. ताडोब्याचं एक प्रवेशद्वार इथं आहे. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, १९८६ साली शेजारी अंधारी अभयारण्य झालं आणि आता दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प आहे. जाणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. मंगळवारी जंगल बंद असतं आणि गाडीची नोंदणी आधीच करावी लागते. आणि हो, थंडीत जात असाल तर घरची घोंगडी न्या. पहाटेच्या उघड्या जिप्सीत शाल काही कामाची नाही.

मुक्काम एका घरगुती खानावळीत होता. चालवणारी बाई पन्नाशीच्या आतबाहेरची. "या जी, बसा जी," असं प्रत्येक वाक्याला गोड 'जी' लावून बोलायची. पहिल्या रात्री तिनं भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी वाढली. हे भाकरीचे माणूस, भातानं पोट भरत नाही म्हणणारे, पण तीनदा भात मागून घेतला. तांदूळ कुठला विचारलं, तर म्हणाली, "एचएमटी जी, आमच्याच जिल्ह्यातला."

या तांदळाची गोष्ट तुम्हा शेतकरी मंडळींना सांगितलीच पाहिजे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड या गावी दादाजी खोब्रागडे नावाचे शेतकरी होते. जमीन जेमतेम दीड एकर. १९८३ साली त्यांना आपल्या धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, दर वर्षी थोड्या थोड्या लावून निवडत गेले, आणि त्यातून हा बारीक, चवदार वाण तयार झाला. तेव्हा एचएमटी घड्याळांची चलती होती, म्हणून तेच नाव पडलं. आज हा तांदूळ घरोघरी शिजतो. दादाजी २०१८ साली वारले. त्यांना सन्मान पुष्कळ मिळाले, पण त्यांच्या वाणावर पैसा केला तो मात्र दुसऱ्यांनीच. हे ऐकून ह्यांचा हात ताटातच थांबला. "दीड एकरात!" एवढंच म्हणाले.

तिकडची शेतीही पाहण्यासारखी. धानाच्या वाफ्याला बांधी म्हणतात, लावणीला रोवणी, शेततळ्याला बोडी. धान कापायच्या आधीच ओल्या बांधीत लाखोळी फेकून देतात. नांगरट नाही, पाणी नाही. धान निघालं की खाली लाखोळी हिरवीगार उभी! ह्यांनी बांधावर बसून रोपं उपटून मुळ्या पाहिल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे जंगलात शिरलो. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह आणि मध्येच बांबूची बेटं. गाडी चालवायला खानावळवालीचाच मुलगा होता आणि सोबत एक गाईड. चितळं दिसली, गवे दिसले. अर्ध्या तासानं कुठंतरी वानर खाकरलं, मग चितळ ओरडलं. मुलानं गाडी बंद केली. अशी शांतता की माझ्याच काळजाचा ठोका मला ऐकू येत होता. आणि बांबूतून वाघीण बाहेर आली. घाई नाही, आमच्याकडे बघणं नाही, रस्त्याच्या मधोमध चालत येऊ लागली. आमच्यापासून वीसेक पावलांवर वळली, तेव्हा कानांच्या पाठीमागचे पांढरे ठिपके दिसले. ह्यांनी गाडीचा गज असा धरला होता की बोटं पांढरी पडली होती. मला वाटलं, आता शिवी येणार. तर हे पुटपुटले, "पाजती हाय ही."

गाईडनं मागं वळून पाहिलं. "बरोबर आहे जी. पिल्लं आहेत तिची मागं. तुम्हाला कसं कळलं?"

"कास बघा की खाली आलेली," हे म्हणाले. जन्मभर गाईम्हशी पाहिलेल्या माणसाचे डोळे ते!

तिथून तळ्यावर गेलो. ताडोबाच्या तळ्यात मगरी आहेत. काठावर मोठ्या झाडाखाली तारूचं ठाणं आहे. तारू हा इथल्या आदिवासींचा गावप्रमुख. वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला, अशी कथा आहे. त्याच्यावरूनच ताडोबा हे नाव. पौषात इथं त्याची जत्रा भरत असे. आम्ही गाडीतूनच हात जोडले. मी मनात म्हटलं, वाघानं मारलेल्या माणसाच्या नावानं हे जंगल ओळखलं जातं आणि त्याच जंगलात वाघ सुखानं नांदतो, हे कोडं काय आहे?

कोडं संध्याकाळी आणखी अवघड झालं. चुलीपाशी गप्पा मारताना ह्यांनी खानावळवालीला सहज विचारलं, "ताई, मालक कुठं असतात?" ती भाकरी थापता थापता म्हणाली, "वाघानं नेलं जी त्याहिले. मोहफुलं वेचाले गेले होते. सहा वर्षं झाली."

आम्हा दोघांना कुठं बघावं कळेना. सकाळी ज्यानं आम्हाला वाघीण दाखवली, तो त्याच माणसाचा मुलगा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाखाली वाकून फुलं वेचायची, मेमध्ये तेंदूची पानं तोडायची, सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा, त्यावर वर्षाचं मीठमिरची चालतं. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, जनावर वाटतो, असं तिनंच सांगितलं.

ह्यांच्याच्यानं राहवलं नाही. "राग येत नाही का तुम्हाला? मारून टाकावा वाटत नाही?"

"येते न जी राग. काहून नाही येणार?" तिनं भाकरी उलटली. "तेव्हा त मी म्हणे, आख्खं जंगलच जाळून टाका. पण जंगल जाळलं त खाऊ काय? वाघ बी तिथंच, मोह बी तिथंच. आता पोराची गाडी बी वाघावरच चालते." मग जरा थांबून म्हणाली, "तो पहिल्या दिवशी गाडी घेऊन गेला, त्या दिवशी मी जेवली नाही."

पुढं ती काही बोलली नाही, आम्हीही नाही. तिनं आणि तिच्या लेकानं हे कसं पचवलं, ते मला अजून कळलेलं नाही, आणि कळलं असं म्हणणार नाही.

जाताना तिनं ह्यांना रात्री पाणी द्यायची रीत मात्र सांगितली. एकट्यानं जाऊ नका, वाकून बसू नका, तोंडानं बोलत, आवाज करत चला.

पुढच्या दोन दिवसांत मन जरा हलकं झालं, त्याला कारण शंकरपट. आमच्याकडे बैलगाडा, तसा या झाडीपट्टीत शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली होती, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि २०२३ साली त्यावर शिक्कामोर्तब झालं, हे बैलगाडावाल्यांना पाठच असतं. एका गावी पट होता. हे तिथं असे रमले की घरचं कार्य असावं! आणि रात्री त्याच गावात कापलेल्या धानाच्या बांधीत नाटक. झाडीपट्टीची नाटकं दिवाळीनंतर सुरू होतात आणि रात्रभर चालतात. वडसा हे त्यांचं मोठं ठाणं. बायाबापड्या पोरांना घोंगडीत गुंडाळून पहाटेपर्यंत बसल्या होत्या. मी दुसऱ्या अंकात रडले. हे तिसऱ्या अंकात झोपले.

मग आष्टीचा वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोली जिल्ह्यात शिरलो. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा म्हणजे जंगलच. आलापल्लीपासून भामरागडच्या वाटेवर साठेक किलोमीटर सागाची आणि बांबूची सोबत सुटत नाही. तिथं हेमलकसा. बाबा आमट्यांनी १९७३ साली इथं लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे या तरुण जोडप्यानं, रस्ता नाही, वीज नाही, अशा जागी माडिया लोकांसाठी दवाखाना थाटला. आमच्यासारखी जोडपी आठ दिवस जाऊन आली की साहस म्हणून मिरवतात, ते दोघं तिथंच राहिले. २००८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्यांचं प्राण्यांचं अनाथालयही आहे. शिकारीहून परतणाऱ्या आदिवासींनी मारलेलं माकड नेताना त्याच्या छातीला जिवंत पिल्लू चिकटलेलं डॉक्टरांना दिसलं. ते त्यांनी मागून घेतलं आणि तिथून ही सुरुवात झाली. तिथल्या जाळीपलीकडे बिबट्या होता. हे त्याच्यापुढं किती वेळ उभे राहिले! तो जांभई देऊन आडवा झाला, तरी हे हलेनात. "एवढासाच असतो की गं," म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी तो दिवसाउजेडी पाहिलाच नव्हता. त्यांना माहीत होते ते फक्त पायाचे ठसे आणि गोठ्यातलं रक्त.

भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्यांचा संगम पाहिला. पलीकडे छत्तीसगड. कानावर माडिया बोली, एक शब्द कळेल तर शपथ. एका घरी लाल मुंग्यांची चटणी वाढली. हे खुशाल चाटून मोकळे झाले आणि मीच मागंपुढं करत होते. शेवटी डोळे मिटून बोट लावलं. चिंचेसारखी आंबट लागते, वर मिरचीचा झटका. मागून घेतली नाही, पण वाईट नव्हती.

घरी आलो आणि ह्यांनी पहिलं काम केलं ते गोठ्याला वरपर्यंत लोखंडी जाळी मारायचं. घराला लागून होती ती उसाची पट्टी मोडून तिथं कांदा लावायचं ठरलं. रात्री पाण्याला जाताना आता भाऊजींना सोबत नेतात आणि मोबाईलवर भजनं मोठ्यानं लावतात. बिबट्याला शिव्या मात्र अजून चालूच आहेत, खोटं कशाला सांगू! सूनबाईचं पुण्याचं बोलणंही मिटलेलं नाही.

फेब्रुवारीत तोड आली. तिसऱ्या दिवशी तोडकरी ओरडत बांधावर आले. पाचटात बिबट्याची दोन पिल्लं होती, डोळे नुकते उघडलेली. माणसं कोयते घेऊन गोळा झाली. एकदोघांनी नको ते बोलूनही दाखवलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. कालवड आठवत असणारच. ह्यांनी तोड थांबवली, सगळ्यांना मागं सारलं आणि वनखात्याला फोन लावला. "लवकर या," म्हणाले, "पाजती आसंल ती."

वनखात्याच्या माणसांनी पिल्लं एका खोक्यात घालून सापडली त्याच जागी ठेवली. रात्रभर आम्ही कुणी अंगणात पाय टाकला नाही. नात खिडकीशी बसून पेंगुळली. सकाळी खोकं रिकामं होतं. हे चहा पिऊन तोडकऱ्यांना बोलवायला गेले.