सर काय म्हणाले?

माझ्या हातातल्या कसबावर दोघांचं ऋण आहे. एक आमचे तुळजापूरच्या आयटीआयमधले सर, दुसरे एसटीच्या कार्यशाळेतले मिस्त्री. दोघांची कधी गाठ पडली नाही. पण दोघांमध्ये बोलणं व्हायचं, आणि ते माझ्या तोंडून व्हायचं.

जळकोट हे सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचं माझं गाव. ट्रक बघत वाढलेल्या पोरांना पान्याचं अप्रूप नसतं. शाळेच्या सुट्टीत मी रस्त्यावरच्या एका गॅरेजात जायचो. चहा आणायचा, डिझेलमध्ये पार्ट धुवायचे, ‘का’ म्हणून विचारायचं नाही, अशी तिथली रीत. आयटीआयत गेलो तर फोर-स्ट्रोक इंजिनाची आकृती वहीत सुबक उतरायची आणि परीक्षा झाली की विसरून जायची. पुढे शिकाऊ उमेदवार म्हणून कार्यशाळेत लागलो तोही विद्यावेतनासाठी. कोरडवाहू घरातल्या पोराला महिन्याचे ठरलेले पैसे ही मोठी गोष्ट होती.

धाराशिवला तेव्हा उस्मानाबाद म्हणत. तिथल्या कार्यशाळेत एकदा सहा सिलिंडरच्या इंजिनाचं टॅपेट सेटिंग चाललं होतं. मिस्त्रींनी माझ्या हातात व्हॉल्व्हची फट मोजायचा फीलर गेज दिला. पाती नुसती सरकून चालत नाही, अडकूनही चालत नाही. किंचित धरल्यासारखी लागली पाहिजे. माझ्या बोटांना ते कळेपर्यंत मिस्त्री घाई न करता शेजारी उभे राहिले. मग म्हणाले, “जळकोटकर, ध्यानात ठेव. सहाचे व्हॉल्व्ह डुलायला लागले की एकाचं टॅपेट धरायचं. पाचाचे डुलले की दोनाचं. चाराचे डुलले की तिनाचं.”

“असं का, मिस्त्री?”

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, “आमच्या उस्तादानं असंच सांगितलं. तू सरांना विचारून ये, मलाबी सांग.”

त्या एका वाक्यानं माझ्या शिकण्याला कारण मिळालं. सुट्टीला गावी जाताना तुळजापूरला बस बदलावी लागे. तिथं उतरून मी सरांना गाठलं. त्यांनी फळ्यावर क्रँक काढला. एक आणि सहा नंबरचे पिस्टन एकाच वेळी वर येतात. सहाचा एक्झॉस्ट मिटत असतो आणि इनलेट उघडत असतो, तेव्हा एकाचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला असतो; त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण बंद. म्हणून फट तेव्हाच मोजायची. १-५-३-६-२-४ हा फायरिंग ऑर्डर मी कितीदा घोकला होता. तो क्रम म्हणजे प्रत्यक्षात काय, ते त्या दिवशी कळलं. फट कशाला ठेवायची तर तापल्यावर धातू वाढतो. फट कमी पडली तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि गाडी दम सोडते. सरांना मिस्त्रींची युक्ती इतकी आवडली की पुढच्या तुकडीला त्यांनी ती ‘कार्यशाळेतल्या एका मिस्त्रींची’ म्हणून शिकवली.

त्यानंतर सुट्टीवरून परतलो की मिस्त्रींचा पहिला प्रश्न असायचा, “सर काय म्हणाले?” आणि तुळजापूरला सर विचारायचे, “या आठवड्यात काय उघडलंत?” दोन्हीकडे कुणीतरी वाट बघतंय म्हटल्यावर कंटाळा करायला मला तोंड नव्हतं. माझ्यासोबतची हुशार मुलं मागे पडलेली मी पाहिली आहेत. त्यांची बुद्धी कमी नव्हती. त्यांना हे दोन प्रश्न कुणी विचारले नाहीत.

१९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा सांगतो की शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी आहे आणि कामासोबत त्याला त्या कामाचं शास्त्रही मिळालं पाहिजे. मिस्त्रींनी तो कायदा वाचला असेल असं वाटत नाही. पण त्यांच्या हाताखालच्या पोराला तो पुरेपूर मिळाला. नुसतं विद्यावेतन वाढवल्यानं पोरं शिकतील असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. पैशानं पोरगं दारापर्यंत येतं. आत त्याला विचारणारं माणूस लागतं.

आता माझ्या हाताखालीही शिकाऊ मुलं येतात, आणि त्यांच्या पुस्तकातलं मी त्यांच्याकडूनच समजून घेतो. आयटीआयच्या सरांना माझी विनंती आहे: आपला विद्यार्थी जिथं उमेदवारी करतो तिथं एकदा तरी जाऊन या. आणि गॅरेज, आगार, कारखान्यातल्या मिस्त्रींनो, उद्या सकाळी पोराच्या हाती पाना देण्याआधी त्याला विचारा, सर काय म्हणाले?