पानफुटी

सावद्याच्या शिवारात केळीची बाग बियांवर होत नाही. कंद किंवा मुनवे लावावे लागतात, आणि अलीकडे टिशू कल्चरची रोपेही आली आहेत. केळीला पाणी हवे; रसाळ झाडांची रीत मात्र उलट. शेराची वा निवडुंगाची कांडी कापल्याबरोबर लावू नये. चीक सुकून जखम भरेपर्यंत आठवडाभर सावलीत ठेवावी. ओली जखम मातीत कुजते. मायेने घातलेले पाणीच तिला मारते.

पानफुटीला एवढेही सोपस्कार नकोत. मूळच्या मादागास्करच्या या झाडाचे पान मातीवर नुसते ठेवले, की कडेच्या खाचांतून इवली रोपे डोकावतात. १८३२ साली निवर्तलेला जर्मन महाकवी गटे उतारवयात हिची पाने स्नेह्यांना धाडीत असे.

सावद्याचा आमचा वाडा विकला गेला तेव्हा वाटण्या भांड्यांच्या झाल्या. परसात आईच्या हातची पानफुटी होती. तिचे एक पान आम्ही मागून घेतले. बीजातून उपजते ते नवे झाड, जनकांहून काहीसे निराळे; पानातून उपजते ते तेच झाड. म्हणून आमच्या सज्जातील कुंडीत आहे ते आईच्या झाडाचे अपत्य नव्हे. ते आईचेच झाड आहे.